प्राणिचित्र, ठसा आणि अक्षर : जपानी कांजी व चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंडी चिन्हपरंपरा

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी सापडलेल्या शिलापट्टावर दोन भिन्न काळांतील ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी जुना लेख इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे मौर्यकालीन मानला जातो; दुसरा वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचे वाचन करून त्यांचे ऐतिहासिक महत्त्व विशद केले. जुन्या लेखाचा आशय मोठा लक्षणीय आहे. प्राण्यांना पकडण्यास व त्यांची हत्या करण्यास मनाई करणारी ती राजाज्ञा आहे. म्हणजेच या अरण्यप्रदेशातील अगदी आरंभीच्या उपलब्ध लेखनाचा विषयच प्राणी हा आहे. मात्र त्या लेखात एकाही प्राण्याचे चित्र नाही. तेथे आहेत ती केवळ ध्वनी दर्शविणारी अक्षरे.

याच्या नेमकी उलट स्थिती पूर्व आशियात दिसते. चीनमध्ये उगम पावलेल्या आणि जपानमध्ये 'कांजी' या नावाने रुजलेल्या लिपीत घोडा, मासा, पक्षी, हत्ती, वाघ यांची चित्रेच कालांतराने अक्षरे झाली. एके ठिकाणी प्राणी अक्षरात विरघळला, तर दुसऱ्या ठिकाणी तो अक्षराबाहेर राहिला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड प्रदेशात तर तो किल्ल्याच्या वेशीवर, कुळाच्या नियमात आणि जंगलातील मागावर आपले चिन्हरूप टिकवून राहिला. हा भेद कशामुळे निर्माण झाला? आणि त्यावरून एखादा समाज 'लिपिहीन' म्हणून इतिहासाच्या बाहेर ठेवता येतो का? या दोन प्रश्नांचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नाला केवळ पुरातत्त्वीय मूल्य आहे असे नाही. गोंडी ही भाषा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २९.८ लाख लोकांची मातृभाषा आहे. तरीही ती भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये समाविष्ट नाही. तिच्याविषयीच्या चर्चेत 'या भाषेला लिपी आहे काय?' हा प्रश्न वारंवार पुढे येतो. म्हणून लिपी म्हणजे काय, ती कशी घडते आणि तिच्या असण्या-नसण्यावर भाषेची योग्यता किती अवलंबून असते, हे तपासणे आवश्यक ठरते.

माग वाचणे : लेखनापूर्वीचे वाचन

चिनी परंपरेत लिपीच्या निर्मितीचे श्रेय त्सांग जिए या पौराणिक पुरुषास दिले जाते. शू शेन या विद्वानाने इ. स. १०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'शुओवेन जिएझी' या कोशात ही कथा आली आहे. पशुपक्ष्यांच्या पावलांचे जमिनीवरील ठसे पाहून त्सांग जिएच्या ध्यानात आले की, ठशांच्या भिन्नतेवरून प्राणी ओळखता येतात. त्याचप्रमाणे भिन्न खुणांनी भिन्न वस्तूही ओळखता येतील. ही कथा ऐतिहासिक सत्य म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागील विचार मार्मिक आहे. मनुष्य लिहू लागण्यापूर्वी वाचू लागला होता, आणि त्याने पहिल्यांदा वाचले ते प्राण्यांचे माग, असे ही कथा सुचविते.

चंद्रपूर नगराच्या स्थापनेची आख्यायिका या संदर्भात ताडून पाहण्याजोगी आहे. बल्लारपूर येथे राज्य करणारा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस गेला असता कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना त्याने पाहिला. ही विपरीत घटना राणीला कळली, तेव्हा तिने त्यात शुभसंकेत पाहिला आणि सशाच्या धावण्याच्या मार्गावरून तट घालून नगर वसविण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. १८६९ च्या सुमारास मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात गोंड राजघराण्याच्या परंपरागत कथा नोंदविल्या. तेव्हापासून ही कथा लेखी इतिहासात स्थिरावली. या कथेत प्राण्याचा माग हाच नगराचा नकाशा ठरतो. त्सांग जिएने ठशांवरून अक्षर कल्पिले, तर चांद्याच्या आख्यायिकेत मागावरून राजधानीची सीमारेषा आखली गेली. दोन्ही कथांत प्राण्याच्या खुणेला अर्थ देणारा मनुष्यच आहे.

जंगलातील ही वाचनविद्या केवळ कथेत राहिली नाही. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. ताडोबासह देशातील व्याघ्रगणना दीर्घकाळ वाघाच्या पंजांच्या ठशांवर आधारलेली होती. २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आणि संख्याशास्त्रीय नमुना पद्धतीचा अवलंब झाला व ठशांवर आधारलेली जुनी पद्धत मागे पडली. तोपर्यंत शासकीय आकडेवारीचा एक आधार जंगलात फिरणाऱ्या वनरक्षकांचे व स्थानिक वाटाड्यांचे ठसा ओळखण्याचे कौशल्य हा होता. लिहिता न येणारा मनुष्य 'निरक्षर' असतो. पण तो 'वाचनहीन' असतोच असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

कांजीतील प्राणी : चित्राची रेघ कशी झाली

चिनी लिपीचे सर्वांत प्राचीन विपुल नमुने म्हणजे शांग राजवटीच्या उत्तरकालातील, सुमारे इ. स. पूर्व १२५० ते १०५० या काळातील अस्थिलेख होत. १८९९ मध्ये वांग यीरोंग या विद्वानाचे लक्ष या लेखांकडे गेले आणि पुढे आन्यांग परिसरातील उत्खननांत ते मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले. कासवाच्या पोटाकडील कवचावर आणि बैलांच्या खांद्याच्या हाडांवर हे लेख कोरलेले आहेत. शकुन विचारण्यासाठी हाड तापवीत, त्याला पडलेल्या भेगांचा अर्थ लावीत आणि विचारलेला प्रश्न त्यावर कोरीत. या लेखांत सुमारे ४,५०० भिन्न चिन्हे आढळतात. त्यांपैकी साधारण एकतृतीयांश चिन्हांचे वाचन निश्चित झाले आहे.

या चिन्हांतील प्राणी सहज ओळखू येतात. घोड्याला मोठा डोळा, मानेवर आयाळ, पाय आणि शेपूट आहे. हत्तीला लांब सोंड आहे. वाघाला उघडा जबडा व अंगावर खुणा आहेत. बैल मात्र पूर्ण काढलेला नाही. समोरून दिसणारे त्याचे डोके आणि वर वळलेली शिंगे एवढ्यावरच भागविले आहे. मेंढीची शिंगे खाली वळलेली आहेत. म्हणजे प्राण्याचे सर्वांग चितारणे हा लेखकाचा हेतू नव्हता. शेजारच्या प्राण्याहून तो वेगळा ओळखू यावा, इतकेच पुरेसे होते. आणखी एक वैशिष्ट्य असे की, घोडा, हत्ती, कुत्रा, डुक्कर हे प्राणी चार पायांवर उभे न दिसता मुंडके वर व शेपूट खाली अशा उभ्या अवस्थेत दिसतात. बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर वरून खाली लिहिण्याच्या पद्धतीमुळे आडवे प्राणी उभे केले गेले असावेत, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात.

पुढील शतकांत लेखनसाधने बदलली. कोरणीची जागा कुंचल्याने घेतली, राज्यकारभाराचे लेखन वाढले आणि कारकुनी वळणाची लिपी प्रचारात आली. गोल रेषा सरळ झाल्या, वळणे तुटली, ठरावीक फटकाऱ्यांत अक्षर बसविले गेले. आजच्या पारंपरिक वळणाच्या 'घोडा' या अक्षराच्या तळाशी चार ठिपके आहेत. ते मूळच्या पायांचे अवशेष होत. 'मासा' या अक्षराच्या तळाशीही तसेच चार ठिपके आहेत. पण ते शेपटीच्या पराचे अवशेष आहेत. 'पक्षी' या अक्षरातील चार ठिपके पाय व शेपटीच्या पिसांतून आलेले आहेत. अन्यत्र हेच चार ठिपके अग्नीचे द्योतक असतात. चार वेगळ्या वस्तू एकाच आकारात येऊन मिळाल्या. अक्षराला प्रमाणरूप मिळण्याची किंमत म्हणून चित्राने आपला चेहरा गमावला, असे यावरून म्हणता येईल.

जपानी विद्वान शिराकावा शिझुका (१९१०–२००६) यांनी अस्थिलेख व कांस्यलेखांच्या आधारे कांजीच्या मूळ रूपांचा व्यापक अभ्यास करून तीन मोठे कोश सिद्ध केले. प्राचीन चिन्हांमागे त्या काळचे विधी, शपथा आणि श्रद्धा आहेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या काही व्युत्पत्तींविषयी मतभेद असले, तरी चिन्हाचा अर्थ लावताना ते वापरणाऱ्या समाजाच्या जीवनाकडे पाहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह गोंड चिन्हांच्या अभ्यासातही उपयुक्त ठरतो.

चित्र आणि ध्वनी यांची गाठ

केवळ चित्रे काढल्याने लिपी तयार होत नाही. चित्र विशिष्ट शब्दाशी आणि त्या शब्दाच्या उच्चाराशी बांधले गेले म्हणजे लिपीचा आरंभ होतो. मराठीतील उदाहरण घेतल्यास, फुलांचा 'हार' काढून 'पराभव' हा अर्थ सुचविला, तर ते चित्र वस्तूचे न राहता ध्वनीचे होते. चिनी लिपीत हे फार पूर्वी घडले. 'दहा हजार' या संख्येचे अक्षर मुळात विंचवाचे चित्र होते. दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा असल्याने विंचू संख्येसाठी उसना घेतला गेला. आज ते अक्षर लिहिणाऱ्याच्या मनात विंचू येत नाही.

ध्वनीची ही गाठ बसल्यावर नवी अक्षरे घडविणे सोपे झाले. एक भाग अर्थवर्ग दाखवितो आणि दुसरा उच्चार सुचवितो, अशी जोडाक्षरे विपुल झाली. मांजर, कोल्हा, माकड या प्राण्यांची कांजी पाहिली, तर तिन्हींच्या डाव्या बाजूला मूळच्या कुत्र्याच्या चिन्हाचे आखूड रूप दिसते. उजवा भाग उच्चारासाठी आहे. म्हणजे मांजराच्या अक्षरात मांजराचे चित्र नाही. कांजी ही सर्वस्वी चित्रलिपी आहे, हा सार्वत्रिक समज त्यामुळे टिकत नाही. तीत शुद्ध चित्राक्षरांचे प्रमाण अल्प असून बहुसंख्य अक्षरे अर्थ आणि ध्वनी यांच्या संयोगातून झालेली आहेत.

जपानच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जपानला स्वतःची प्राचीन लिपी नव्हती. चिनी अक्षरे कोरियामार्गे तेथे पोहोचली. इनारियामा येथील थडग्यात सापडलेल्या तलवारीवर सोन्याने भरलेला लेख सामान्यतः इ. स. ४७१ चा मानला जातो. तलवारीवरील हा लेख १९७८ मध्ये उघडकीस आला. परक्या भाषेसाठी घडलेली अक्षरे जपान्यांनी स्वतःच्या भाषेसाठी वळविली. घोड्याचे अक्षर चिनी उच्चारावरून 'बा' असेही वाचले जाते आणि अस्सल जपानी शब्दानुसार 'उमा' असेही. काही अक्षरांचा केवळ ध्वनी घेऊन पुढे 'काना' ही अक्षरमाला निर्माण झाली. तिचा आजचा 'आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना' हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून, म्हणजे भारतीय वर्णमालेच्या प्रभावातून आला. इतकेच नव्हे, तर जपान्यांनी नवी कांजीही घडविली. 'मासा' आणि 'दुर्बल' ही चिन्हे जोडून त्यांनी 'इवाशी' या माशाचे अक्षर केले. 'मासा' आणि 'हिम' जोडून 'तारा' या थंड समुद्रातील माशाचे केले. उसन्या लिपीवर समाजाने आपला हक्क कसा प्रस्थापित करावा, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हत्ती : न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

कांजीतील हत्तीचे अक्षर या विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवण्याजोगे आहे. ते 'झो' असे वाचले की त्याचा अर्थ हत्ती. 'शो' असे वाचले की आकार, रूप, प्रतिमा. जपानीत 'प्रतीक' या अर्थाच्या 'शोचो' या शब्दात हेच अक्षर येते आणि 'चित्राक्षर' या अर्थाच्या 'शोकेई मोजी' या संज्ञेचा आरंभही याच अक्षराने होतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील चिनी तत्त्वचिंतक हान फेइ याने याचे एक स्पष्टीकरण दिले आहे. लोकांना जिवंत हत्ती क्वचितच दिसतो. म्हणून ते मृत हत्तीची हाडे मिळवून त्यांवरून जिवंत हत्तीची कल्पना करतात. त्यामुळे कल्पनेने जे उभे केले जाते त्या सर्वांस 'हत्ती' म्हणू लागले, असा त्याचा आशय आहे. भाषाशास्त्रज्ञ येथे उच्चारसाम्याचे कारण अधिक ग्राह्य मानतील. तथापि उत्तर चीनमध्ये शांग काळी आढळणारा हत्ती नंतर दक्षिणेकडे हटत गेला, ही वस्तुस्थिती त्या स्पष्टीकरणाच्या पार्श्वभूमीस आहे. जपानी लेखकांनी तर प्रत्यक्ष हत्ती पाहण्यापूर्वी कित्येक शतके त्याचे अक्षर गिरविले. १४०८ मध्ये आग्नेय आशियातून आलेल्या जहाजातून वाकासा प्रांतातील ओबामा बंदरात उतरलेला हत्ती हा जपानमध्ये आलेला पहिला ज्ञात हत्ती होय.

आता चंद्रपूरच्या वेशीकडे वळू. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अचलेश्वर या चंद्रपूरच्या परकोटाच्या चार मुख्य वेशी होत. गोंड राजांचे राजचिन्ह म्हणून तेथे हत्तीवर मात करणारा शार्दूल कोरलेला आहे. चंद्रपूरचा हा शार्दूल कोणता प्राणी? ज्या राजधानीच्या उत्तरेस ताडोबाचे अरण्य पसरले आहे, ज्या अरण्याचे नावच वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावलेल्या तारू या ग्रामप्रमुखाच्या दैवतरूपाशी जोडले जाते आणि जेथे वाटेवर वाघोबाची ठाणी आढळतात, तेथील शिल्पीने पट्टेरी वाघाची हुबेहूब प्रतिकृती कोरावी, अशी अपेक्षा असते. परंतु वेशीवरील प्राणी मंदिरशिल्पातील व्याल आणि दुर्गशिल्पातील शरभ यांच्या कुळातील आहे. जंजिऱ्याच्या प्रवेशद्वारावरही पंजांत हत्ती पकडलेला असाच श्वापदराज दिसतो. म्हणजे चांद्याच्या राजाने जंगलातील प्राणी वेशीवर आणला नाही. दख्खनच्या सत्ताधाऱ्यांना आणि त्यांच्या शत्रूंना ओळखीची असलेली सत्तेची चित्रभाषा त्याने स्वीकारली. जपानी लेखकाने न पाहिलेला हत्ती परंपरेतून घेतला. चांद्याच्या शिल्पीनेही शार्दूल परंपरेतूनच घेतला. चिन्ह निसर्गाची नक्कल करते यापेक्षा ते आधीच्या चिन्हाची नक्कल करते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

गजशार्दूल आणि कांजी यांत एक साम्य असे की, दोहोंना भाषेची सीमा अडवीत नाही. घोड्याचे एकच अक्षर चिनी मनुष्य एका उच्चाराने वाचतो, जपानी दुसऱ्या. चांद्याच्या वेशीतून आत येणारा गोंड शेतकरी, तेलुगू व्यापारी आणि मराठी कारागीर आपापल्या भाषेत त्या शिल्पाचा अर्थ लावीत असणार : या नगराचा धनी बलाढ्य आहे. परंतु भेदही तितकाच मूलभूत आहे. कांजीतील अक्षराला निश्चित शब्द आहे. गजशार्दूलास निश्चित अर्थ आहे, पण निश्चित शब्द नाही. ते वाचता येते, उच्चारता येत नाही. म्हणून ते चिन्ह आहे, अक्षर नव्हे.

कुलचिन्ह : आचरणात लिहिलेली खूण

गोंड समाजातील कुलव्यवस्थेत वनस्पती व प्राणी यांना महत्त्वाचे स्थान आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या कुलचिन्हांची विस्तृत नोंद आढळते. टेकाम या कुलनामात 'टेका' म्हणजे साग आहे, मरकाम या नावात 'मरका' म्हणजे आंबा आहे. काही कुळांचा संबंध कासव, नाग यांसारख्या प्राण्यांशी जोडला जातो. कुलचिन्ह असलेल्या प्राण्यास मारू नये, झाड तोडू नये, असा निर्बंध पाळला जातो. चिन्हाच्या आधारे विवाहसंबंधांची योग्यायोग्यता ठरते.

लेखनाचे एक प्रमुख कार्य म्हणजे माणसांची ओळख आणि परस्परसंबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकविणे. गोंड समाजात हे कार्य कुलनाम, निषेध आणि विधी यांनी केले. त्याच्या जोडीला परधान गायकांनी बाना या वाद्याच्या साथीने वंशकथा जतन केल्या. भामरागड परिसरातील माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा आहे. त्या शिळेवर नाव कोरलेले नसते. तरी ती कोणाची हे गावाला ठाऊक असते. तेथे अक्षराचे काम स्थान आणि स्मृती करतात. येथे प्राणी किंवा वृक्ष चितारला जात नाही, तर पाळला जातो. तथापि या व्यवस्थेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. गाव उठले, गायक परंपरा खंडित झाली किंवा कुटुंबे विखुरली, की स्मृतीचा दुवा तुटतो. लेखन अपरिचित माणसालाही वाचता येते. उभ्या शिळेला मात्र परिचिताचीच गरज असते.

गोंडी लिप्या : ध्वनीच्या मार्गाने

गोंड प्रदेशात प्राणिचिन्हे इतकी सजीव असताना त्यांतून चित्रलिपी का झाली नाही? याचे उत्तर समाजाच्या 'मागासलेपणा'त नसून काळात आणि शेजारात आहे. देवटेकचा लेख सांगतो की, या प्रदेशात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ध्वनीनिष्ठ लिपी आलेली होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांत चांद्याचे गोंड राज्य बलशाली होत असताना नागरी, मोडी, तेलुगू या लिप्या सभोवती रूढ होत्या. गढा-मंडल्याच्या हृदयशहाचा रामनगर येथील १६६७ चा शिलालेख तर संस्कृतात आहे. सिद्ध ध्वनिलिपी हाताशी असताना चित्रापासून नव्याने अक्षर घडविण्याचा खटाटोप सामान्यतः कोणताही समाज करीत नाही.

गोंडी भाषेसाठी स्वतंत्र लिपी निर्माण झाली, तीही ध्वनीच्या मार्गानेच. बालाघाट येथील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडी लिपी तयार केली. दुसरी लिपी चंद्रपूरच्या सीमेलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गावी २००६ मध्ये हस्तलिखितांच्या रूपाने प्रकाशात आली. हैदराबाद विद्यापीठातील प्रा. जयधीर तिरुमल राव यांनी तिच्या अभ्यासास चालना दिली. त्या वेळी गावातील मोजक्याच वृद्धांना ती वाचता येत होती. या लिपीतील वर्णक्रम लक्ष देण्याजोगा आहे. व्यंजनांचा आरंभ 'क'ने न होता य, व, ब, भ, म, क, ख अशा क्रमाने होतो. दूरच्या जपानी कानाने भारतीय वर्णमालेचा क्रम स्वीकारला, आणि वर्णमालेच्या मायभूमीतील गुंजालाच्या लिपीने मात्र आपला निराळा क्रम राखला, हा योगायोग विचारप्रवर्तक आहे. मसराम गोंडी लिपीचा २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपीचा २०१८ मध्ये युनिकोड या आंतरराष्ट्रीय संगणकीय प्रमाणात समावेश झाला.

याशिवाय गोंडी भाषा देवनागरीतही लिहिली गेली आहे. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने १९४० च्या दशकात आदिलाबादमधील मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. त्याच परिसरात अधिकारी म्हणून काम केलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आत्मसात करून आदिलाबादच्या गोंडांविषयी ग्रंथ लिहिला. एकाच भाषेला अनेक लिप्या असणे ही तिची उणीव नाही. जपानी लेखनात आजही कांजी व दोन प्रकारचे काना एकत्र नांदतात.

सिंधू मुद्रा आणि प्राचीनतेचा आग्रह

गोंडी लिपीच्या चर्चेत नागपूरचे गोंडी अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. गोंडी भाषा, धर्मविचार व संस्कृती यांविषयी त्यांनी विपुल लेखन केले आणि सिंधू लिपीचे वाचन गोंडीच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला. सिंधू मुद्रांवरील हत्ती, गेंडा, वाघ, बैल यांच्या आकृतींमुळे प्राणिचिन्हे आणि लिपी यांचा संबंध सहज सुचतो. परंतु या मुद्रांवर प्राण्याची आकृती वेगळी असते आणि लेखनचिन्हांची ओळ वेगळी असते. लेखनचिन्हांतील माशासारख्या चिन्हाविषयी फादर हेरास आणि पुढे आस्को पार्पोला यांनी द्राविडी भाषांच्या आधारे तर्क मांडला. तमिळमध्ये 'मीन' म्हणजे मासा आणि ताराही. गोंडीतही मासा म्हणजे 'मीन'. हा तर्क आकर्षक आहे. मात्र लेख अत्यंत त्रोटक असल्यामुळे आणि द्विभाषिक लेख न मिळाल्यामुळे सिंधू लिपीचे कोणतेही वाचन अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

डॉ. कंगाली यांच्या प्रयत्नामागील प्रेरणा समजून घेणे आवश्यक आहे. 'तुमच्या भाषेला लिपी नाही' असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांनी सर्वांत प्राचीन लिपीशी नाते शोधावे, हे स्वाभाविक होय. पण गोंडीची प्रतिष्ठा त्या नात्याच्या सिद्धतेवर टांगून ठेवल्यास, ते नाते असिद्ध राहताच प्रतिष्ठाही असिद्ध ठरते. जपानचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. जपानी भाषेला प्राचीन स्वतंत्र लिपी नव्हती, म्हणून तिला कोणी हीन लेखत नाही. १८७२ च्या शिक्षणविषयक आदेशानंतर सार्वत्रिक शालेय शिक्षणाची उभारणी, मुद्रण आणि नियमित वापरासाठी ठरविलेली अक्षरसूची (२०१० च्या सुधारणेनुसार २,१३६ कांजी) यांनी ती लिपी घरोघर पोहोचविली. लिपीचे सामर्थ्य तिच्या उगमापेक्षा शाळेतील वापरावर अधिक अवलंबून असते.

या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील प्रयत्नाचे महत्त्व मोठे आहे. तेथे ग्रामसभेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. गोंडीचे भवितव्य पुराणवस्तूंच्या कपाटापेक्षा अशा वर्गखोलीत अधिक ठरणार आहे.

निष्कर्ष

१. प्राण्याचे चित्र आणि अक्षर यांत सातत्य असले, तरी चित्र शब्दाच्या उच्चाराशी जोडले गेल्यावरच ते अक्षर होते. कांजीतील प्राणी या प्रक्रियेतून गेले व त्यात त्यांचे मूळ रूप बहुतांशी लोपले.

२. चांद्याचा गजशार्दूल हे भाषातीत राजचिन्ह होते. ते दख्खनच्या समान चित्रपरंपरेतून आले. स्थानिक वाघाचे ते अनुकरण नव्हे.

३. गोंड समाजात प्राणिचिन्हांनी कुल, निषेध, स्मारक आणि माग या रूपांत स्मृती जतन करण्याचे कार्य केले. म्हणून 'लिपिहीन' आणि 'इतिहासहीन' हे शब्द समानार्थी मानता येत नाहीत.

४. गोंड प्रदेशात चित्रलिपी निर्माण न होण्याचे कारण ध्वनिलिप्यांचे प्राचीन सान्निध्य हे होय. गोंडीच्या स्वतंत्र लिप्याही ध्वनीनिष्ठच आहेत.

५. भाषेची योग्यता लिपीच्या प्राचीनतेवर ठरत नाही. उसनी, अर्वाचीन किंवा शेजारची लिपीही शिक्षण आणि दैनंदिन वापर यांच्या बळावर समाजाची स्वतःची होऊ शकते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीच्या जंगलात आला. त्यापूर्वी येथील कित्येक पिढ्यांना हत्ती परिचित होता तो कमलापूरच्या वनविभागाच्या हत्ती कॅम्पमुळे, देवळातील मूर्तींमुळे आणि वेशीवरील शिल्पामुळे. आता मात्र शेताच्या बांधावर त्याचा प्रत्यक्ष ठसा उमटू लागला आहे. तो ठसा ओळखणाऱ्या मुलाला 'हत्ती' हा शब्द स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शाळेत, त्याने निवडलेल्या लिपीत लिहिता यावा, एवढी व्यवस्था करणे हे आजच्या शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.